एकस्वांची फेरतपासणी

एकस्वांची फेरतपासणी : शासनाच्या एकस्व कार्यालयाने एकदा प्रदान केलेले एकस्व अथवा पेटंट नव्या पुराव्याच्या आधारे पुन्हा तपासून ते कायम ठेवणे, संकुचित करणे किंवा रद्द करणे, या प्रशासकीय कार्यपद्धतीस एकस्वाची फेरतपासणी म्हणतात. एकस्व दिल्यानंतर ठराविक मुदतीत इतरांनी घ्यावयाची हरकत आणि प्रदानोत्तर पुनर्विलोकन या तिच्याच जवळच्या पद्धती होत. एकस्वाच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग जुना आहे. फेरतपासणीचे वैशिष्ट्य असे, की ज्या कार्यालयाने हक्क दिला त्याच कार्यालयाला आपला निर्णय पुन्हा पाहण्यास भाग पाडता येते [⟶ एकस्व].

अशा तपासणीची गरज मूळ परीक्षणाच्या स्वरूपातून उत्पन्न होते. एकस्वासाठी आलेल्या अर्जात शोधाचे वर्णन असते आणि त्याच्या शेवटी हक्काची सीमा सांगणाऱ्या क्रमांकित हक्कमागण्या असतात. व्यवहारात यांनाच ‘क्लेम’ म्हणतात. परीक्षकाला या प्रत्येक मागणीबाबत मुख्यतः दोन प्रश्न विचारावे लागतात : ही गोष्ट खरोखर नवी आहे काय आणि नवी असली, तरी त्या क्षेत्रातील सामान्य जाणकारास ती सहज सुचण्यासारखी होती काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे अर्जाच्या तारखेपूर्वी जगात काय ज्ञात होते, म्हणजेच पूर्वज्ञान काय होते, यावर अवलंबून असतात. परीक्षकाजवळ वेळ थोडा असतो, त्याच्या हाताशी असलेली साधने बव्हंशी जुनी एकस्वे व नियतकालिके हीच असतात आणि त्याच्यासमोर बाजू मांडणारा पक्ष एकच, अर्जदार, असतो. ज्यांच्या धंद्यावर किंवा जीवनावर त्या एकस्वाचा परिणाम व्हावयाचा, त्यांपैकी बहुतेकांना ते प्रदान होईपर्यंत त्याची वार्ताही नसते. म्हणून चूक होणे हा अपवाद नसून पद्धतीतच अंतर्भूत असलेला संभव आहे. भारतीय एकस्व अधिनियम, १९७० याच्या कलम १३ मध्ये, कार्यालयाने केलेल्या परीक्षणामुळे एकस्वाच्या वैधतेची हमी मिळाली असे समजू नये, असे स्पष्टच म्हटले आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र कायद्याचा कल उलट आहे. तेथे प्रदान झालेले एकस्व वैध आहे असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते व ते अवैध ठरविण्यासाठी ‘स्पष्ट व खात्री पटविणारा’ पुरावा लागतो. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट व आय-फोर-आय या कंपन्यांमधील वादात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निकष पुन्हा उचलून धरला. फेरतपासणीत हे गृहीतक लागू होत नाही. पुराव्याचे पारडे एका बाजूला झुकले एवढे पुरते. कार्यालयाचा मार्ग न्यायालयीन मार्गाहून पुष्कळच स्वस्त असतो हे खरे; परंतु आव्हान देणारे तिकडे वळतात, त्याचे मोठे कारण पुराव्याच्या मापातील हा फरक आहे.

अमेरिकेतील विकास : एकस्व एकदा कार्यालयाबाहेर पडले की कार्यालयाचा त्यावरील अधिकार संपतो, ते केवळ न्यायालयच रद्द करू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये कापणीयंत्रांसंबंधीच्या मॅकॉर्मिक कंपनीच्या खटल्यात म्हटले होते. ही स्थिती सु. ८० वर्षे टिकली. १२ डिसेंबर १९८० रोजी संमत झालेल्या कायद्याने फेरतपासणीची पद्धत आणली व ती १ जुलै १९८१ पासून अंमलात आली. या पद्धतीनुसार कोणीही व्यक्ती, एकस्व अंमलात असताना केव्हाही, फेरतपासणीचा अर्ज करू शकते; तिला हितसंबंध दाखवावा लागत नाही. मात्र आधार केवळ जुनी एकस्वे व छापील प्रकाशने यांचाच घेता येतो. अर्जाने ‘पात्रतेविषयी नवा व भरीव प्रश्न’ उपस्थित केला आहे की नाही, हे कार्यालयाने तीन महिन्यांत ठरवावयाचे असते. प्रश्न मान्य झाल्यावर पुढील सर्व पत्रव्यवहार एकस्वधारी व परीक्षक यांच्यामध्येच चालतो. अर्जदार जवळजवळ बाहेर पडतो. तपासणीच्या काळात एकस्वधारीला आपल्या मागण्या आखडून घेता येतात. त्यांची व्याप्ती वाढविता येत नाही.

जुन्या एकस्वांना नवा कायदा लावणे घटनाबाह्य आहे, असा आक्षेप लवकरच आला. लेसरच्या संशोधकांपैकी एक, गॉर्डन गूल्ड, यांना १९७७ व १९७९ मध्ये मिळालेल्या एकस्वांवर लेसर-उत्पादकांनी फेरतपासणी मागितली, तेव्हा त्यांच्या बाजूने हा मुद्दा मांडला गेला. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने तो अमान्य केला. शासनाने चुकून दिलेले एकस्व दुरुस्त करण्यास शासनच मोकळे असले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. गूल्ड यांची एकस्वे मात्र पुढे त्या तपासणीतून टिकून निघाली, हेही नमूद केले पाहिजे. फेरतपासणी म्हणजे रद्दीकरण नव्हे.

अर्जदाराला बोलू न देणारी ही पद्धत आव्हान देणाऱ्यांना अपुरी वाटे. म्हणून १९९९ च्या कायद्याने उभय पक्षांना भाग घेता येईल अशी दुसरी फेरतपासणी सुरू केली. पण तीही संथच ठरली. संथपणाची किंमत किती असू शकते, हे ब्लॅकबेरी या दूरसंदेश यंत्राच्या प्रकरणात दिसले. ते बनविणाऱ्या कॅनडातील कंपनीविरुद्ध एन्‌टीपी या एकस्वधारी कंपनीने खटला जिंकला होता. दरम्यान त्याच एकस्वांची फेरतपासणी चालू होऊन कार्यालयाचे प्रतिकूल निष्कर्ष बाहेर पडू लागले होते. तथापि न्यायालय त्यासाठी थांबण्यास तयार नव्हते. सेवाच बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा मार्च २००६ मध्ये कंपनीने ६१.२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

या अनुभवानंतर १६ सप्टेंबर २०११ रोजी संमत झालेल्या कायद्याने उभयपक्षी फेरतपासणी बंद करून तिच्या जागी एकस्व न्यायनिर्णय व अपील मंडळापुढे चालणाऱ्या खटलासदृश पद्धती आणल्या. त्यांपैकी प्रदानोत्तर पुनर्विलोकनाचा अर्ज एकस्व मिळाल्यापासून नऊ महिन्यांत करावा लागतो. त्यात वर्णनाच्या अपुरेपणासह अवैधतेची जवळजवळ सर्व कारणे मांडता येतात. नऊ महिन्यांनंतर उभयपक्षी पुनर्विलोकन मागता येते. पण तेथे कारणे नावीन्याचा अभाव व सहज सुचण्याजोगेपणा ही दोनच आणि पुरावा पुन्हा एकस्वे व छापील प्रकाशने यांचाच. आपल्यावर खटला दाखल झाल्याची नोटीस मिळाल्यापासून एक वर्षानंतर हा मार्ग बंद होतो. अर्ज दाखल करून घेतल्यावर एका वर्षात निर्णय द्यावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी सहा महिने मिळतात. जो पक्ष येथे हरला, त्याला तेच मुद्दे, तसेच येथे मांडता आले असते असे मुद्देही, पुन्हा न्यायालयात उकरून काढता येत नाहीत. एकपक्षी जुनी फेरतपासणी या सर्वांबरोबर आजही चालू आहे.

मंडळ फार कठोर आहे, अशी तक्रार एकस्वधारी सुरुवातीपासून करीत आले आहेत. एकाच एकस्वावर वेगवेगळ्या स्पर्धकांनी ओळीने अर्ज करणे, यामुळे लहान संशोधकाची होणारी दमछाक हा त्यांचा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. एकस्व ही खाजगी मालमत्ता असल्याने ती ज्यूरीशिवाय काढून घेता येणार नाही, हा त्यांचा मूलगामी युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१८ रोजी ऑइल स्टेट्स कंपनीच्या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. एकस्व ही शासनाने जनतेच्या वतीने दिलेली सवलत आहे आणि ती पुन्हा तपासण्याचा अधिकार राखूनच ती दिली जाते, असे बहुमताने म्हटले. २०२१ मध्ये आर्थ्रेक्स प्रकरणात त्याच न्यायालयाने मंडळाच्या निर्णयांवर कार्यालयाच्या संचालकाला फेरविचाराचा अधिकार असला पाहिजे, असे ठरविले.

हळदीचे प्रकरण : भारतात फेरतपासणी हा शब्द सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो हळदीमुळे. जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड पोटात देणे वा जखमेवर लावणे, या पद्धतीबद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत एकस्व मिळाले. संशोधक म्हणून नोंदलेले दोघेही भारतीय वंशाचे होते. ज्या देशात कापल्या-खरचटल्यावर हळद दाबणे हे लहान मुलासही माहीत असते, तेथे ही बातमी चमत्कारिक वाटली, यात नवल नाही. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हे एकस्व आव्हानिण्याचे ठरविले. परिषदेचे तत्कालीन महासंचालक रघुनाथ अनंत माशेलकर हे गोव्यातील माशेलचे, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविलेले रसायन अभियंते होत.

अडचण माहितीची नव्हती, पुराव्याची होती. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात एक विलक्षण भेद होता. अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांना ज्ञात असेल किंवा वापरात असेल, तर तेवढ्याने नावीन्य नष्ट होई. परदेशातील वापर मात्र जमेस धरला जात नसे. परदेशातील गोष्ट एखाद्या एकस्वात किंवा छापील प्रकाशनात आलेली असली तरच ती पूर्वज्ञान ठरे. कोट्यवधी घरांतील रोजचा व्यवहार म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शून्य आणि एका मासिकातील एक पान म्हणजे निर्णायक पुरावा, अशी ही स्थिती होती. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान बव्हंशी सांगोवांगी चालत आलेले. ते छापण्याची गरज कोणास वाटणार?

परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये दाखल केलेल्या अर्जास ३२ संदर्भ जोडले होते. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू भाषांतील जुने ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहूनही जुने, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. एकस्वधारींनी असा बचाव केला, की जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, पूड नव्हे. दोहोंचे शरीरात होणारे शोषण वेगळे असते. परीक्षकाला हा भेद पटला नाही. १९९७ मध्ये सर्व हक्कमागण्या नाकारल्या गेल्या आणि २१ एप्रिल १९९८ रोजी रद्दीकरणाचे प्रमाणपत्र निघाले. विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकन एकस्वाला दिलेले हे पहिले यशस्वी आव्हान मानले जाते.

या यशाचे गौरवीकरण करताना त्याची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. परिषद जिंकली ती परंपरेच्या बळावर नव्हे, तर परंपरा कोणीतरी पूर्वीच छापून ठेवली होती म्हणून. देशी व परदेशी वापरातील तो भेद २०११ च्या कायद्याने, १६ मार्च २०१३ पासून दाखल झालेल्या अर्जांपुरता, काढून टाकला. फेरतपासणीतील छापील पुराव्याची अट मात्र कायम आहे.

फेरतपासणीचा निकाल नेहमी इतका निर्णायक नसतो. अमेरिकेतील राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमती तांदळाच्या वाणांविषयी वीस हक्कमागण्यांचे एकस्व मिळाले होते. भारताच्या कृषी व प्रक्रियायुक्त खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने एप्रिल २००० मध्ये त्यांपैकी तीन व्यापक मागण्यांची फेरतपासणी मागितली. कंपनीने त्या स्वतःच सोडल्या, पुढे आणखीही सोडाव्या लागल्या आणि २००१ मध्ये तिने विकसित केलेल्या तीन विशिष्ट वाणांपुरतेच एकस्व उरले. मेक्सिकोतून आणलेल्या पिवळ्या घेवड्यावर १९९९ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या एकस्वाची कथा अधिक क्लेशकारक आहे. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने डिसेंबर २००० मध्ये फेरतपासणी मागितली आणि मागण्या अवैध असल्याचा निर्णय अपील न्यायालयात कायम झाला तो जुलै २००९ मध्ये. तोपर्यंत एकस्व कागदोपत्री जिवंत होते आणि मेक्सिकोतून घेवडा आयात करणाऱ्यांना त्याचा धाक होता.

यूरोप व जपान : यूरोपीय एकस्व करार ७ ऑक्टोबर १९७७ रोजी अंमलात आला. त्यानुसार एकस्व प्रदान झाल्याचे जाहीर झाल्यापासून नऊ महिन्यांत कोणासही हरकत घेता येते. हरकतीची सुनावणी तीन तांत्रिक परीक्षकांच्या विभागापुढे होते. त्यांपैकी किमान दोघांचा मूळ परीक्षणात भाग नसावा लागतो. एका हरकतीचा निकाल ते एकस्व ज्या ज्या देशांत लागू असेल त्या सर्वांत बंधनकारक होतो, हे तिचे सामर्थ्य. मुदत टळली, तर पूर्वी देशोदेशींच्या न्यायालयांत वेगवेगळे जावे लागे. १ जून २०२३ पासून एकीकृत एकस्व न्यायालयामुळे ही अडचण अंशतः कमी झाली आहे.

यूरोपीय पद्धतीत पुरावा छापील असण्याची अट नाही. अर्जापूर्वीचा कोणताही सार्वजनिक वापर, तो कोठेही झालेला असो, सिद्ध करता येतो. कडुनिंबाच्या प्रकरणात हा भेद प्रत्ययास आला. निंबाच्या बियांतून काढलेल्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीबद्दल अमेरिकेचे कृषिखाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना सप्टेंबर १९९४ मध्ये यूरोपीय एकस्व मिळाले. वंदना शिवा, यूरोपीय संसदेच्या सदस्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये हरकत घेतली. म्यूनिक येथील सुनावणीत पुण्याच्या एका उद्योगसंस्थेच्या चालकाने, निंबाचे असे अर्क महाराष्ट्रातील पिकांवर १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत वापरून पाहिल्याची प्रत्यक्ष साक्ष दिली. १० मे २००० रोजी एकस्व रद्द झाले व त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळण्यात आले. हळदीला ग्रंथांनी तारले. निंबाच्या बाबतीत शेतावर केलेल्या वापराची साक्षही कामी आली.

जपानने प्रदानोत्तर हरकतीची पद्धत १९९६ मध्ये स्वीकारली, २००४ पासून बंद केली आणि १ एप्रिल २०१५ पासून सहा महिन्यांच्या मुदतीसह पुन्हा चालू केली.

भारतातील व्यवस्था : न्यायमूर्ती एन्. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला एकस्व अधिनियम २० एप्रिल १९७२ रोजी अंमलात आला. त्यात हरकतीची संधी अर्ज स्वीकृत होऊन जाहीर झाल्यावर, पण एकस्वावर मोहोर उमटण्यापूर्वी होती. एकस्व मिळाल्यानंतर ते रद्द करण्याचा अधिकार मुख्यतः उच्च न्यायालयांकडे असे. सार्वजनिक हितासाठी केंद्र शासनासही कलम ६६ खाली तो आहे आणि जनुकीय तंत्राने बदललेल्या कापसावरील एकस्वाबाबत १९९४ मध्ये त्याचा वापर झाला. एकस्वाच्या वैधतेचे गृहीतक भारतात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तो वाद लेथवर कातण्यासाठी भांडी धरून ठेवण्याच्या साधनाविषयी होता आणि ते साधन नवे नाही असे ठरून एकस्व रद्द झाले.

औषधे व खाद्यपदार्थ यांनाही वस्तु-एकस्व देण्याचे बंधन जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये आल्यानंतर २००५ च्या दुरुस्तीने हरकतीची व्यवस्था दुहेरी केली. प्रदानापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. प्रदानानंतर, त्याच्या प्रसिद्धीपासून एका वर्षात, केवळ ‘हितसंबंधित’ व्यक्तीलाच ती घेता येते. प्रदानोत्तर हरकतीसाठी तीन सदस्यांचे हरकत मंडळ नेमले जाते. मूळ अर्ज तपासणारा परीक्षक त्यात असू शकत नाही. मंडळ शिफारस करते, निर्णय नियंत्रक देतो. मंडळाची शिफारस पक्षकारांना दाखविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले. हरकतीच्या कारणांत एक कारण भारतीय कायद्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल : भारतातील वा अन्यत्रच्या कोणत्याही स्थानिक समाजात मौखिक वा अन्य रूपाने उपलब्ध असलेल्या ज्ञानामुळे शोधाचे नावीन्य नष्ट होणे. हळदीच्या प्रकरणी जो पुरावा अमेरिकेत चालला नसता, तो येथे कायद्यानेच ग्राह्य आहे.

‘हितसंबंधित’ कोण, हा प्रश्न औषधांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरला. यकृतशोथ ‘सी’ या विकारावरील पेगासिस या औषधाला २००६ मध्ये भारतीय एकस्व मिळाले. त्यावर मुंबईतील संकल्प पुनर्वसन न्यास या, व्यसनाधीन व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेने हरकत घेतली. चेन्नई कार्यालयाने २००९ मध्ये ती फेटाळली. न्यासाने अपील केले व २ नोव्हेंबर २०१२ रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने एकस्व रद्द केले. हितसंबंध म्हणजे केवळ धंद्यातील स्पर्धा नव्हे, रुग्णांच्या वतीने उभी राहणारी संस्थाही हितसंबंधित असू शकते, हे त्या निर्णयाने मान्य झाले. तथापि एकस्व मिळाल्यापासून निकालापर्यंत सहा वर्षे गेली आणि हरकत प्रलंबित असेतो एकस्व अंमलात राहते. रुग्णांच्या संस्थांचा कल प्रदानपूर्व हरकतीकडे का असतो, ते यावरून कळते. क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधाच्या क्षार-स्वरूपावरील एकस्वाचा अर्ज मुंबई कार्यालयाने २३ मार्च २०२३ रोजी नाकारला, तो अशाच हरकतीवरून.

एकाच एकस्वाविरुद्ध प्रदानोत्तर हरकत आणि रद्दीकरणाचा अर्ज हे दोन्ही मार्ग एकाच व्यक्तीला धरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने पवनचक्क्यांविषयीच्या वादात २ जून २०१४ रोजी स्पष्ट केले. बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये विसर्जित झाल्याने नियंत्रकाच्या निर्णयांवरील अपिले व रद्दीकरणाचे अर्ज आता उच्च न्यायालयांपुढे चालतात.

पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह : चुकीचे एकस्व मिळाल्यावर ते रद्द करवीत बसण्यापेक्षा परीक्षकाच्या हातीच पुरावा आधी देणे सोयीचे, या विचाराने भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह हाती घेतला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इ. पद्धतींच्या ग्रंथांतील योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत, एकस्व वर्गीकरणाला धरून मांडले आहेत. २००९ मध्ये तो प्रथम यूरोपीय एकस्व कार्यालयास व नंतर अन्य देशांच्या कार्यालयांस गोपनीयतेच्या अटीवर खुला करण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो कार्यालयांपलीकडील उपयोजकांसही टप्प्याटप्प्याने खुला करण्यास मान्यता दिली. ग्रंथांत न आलेले मौखिक ज्ञान मात्र बव्हंशी या संग्रहाच्या बाहेर आहे.